अवधाण आलं, जबड्याखाली गाठ आली: युनानी लेप घरी कसा करायचा आणि कधी अजिबात करायचा नाही

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते, बोटात काटा मोडला की काखेत येते, आपल्याकडे त्याला अवधाण आलं म्हणतात. घसा खराब झाला किंवा दाढ किडली की तशीच गाठ जबड्याखाली येते, पण तिला कुणी अवधाण म्हणत नाही, घशाच्या गाठी सुजल्या म्हणतात. प्रकार एकच आहे. हकीम लोक या सगळ्या गाठींना गुदूद म्हणतात आणि सुजेला वरम, आणि त्यावर जो गरम गरम जाड लेप बांधतात त्याला झिमाद. आपल्या आज्या जवसाचं पोटीस बांधायच्या ना, तेच समजा, फक्त त्यात अजून चारपाच वनस्पती आणि कधी काय लावायचं याचा पक्का हिशोब.

माझं माहेर नांदेडचं. १९४८ पर्यंत तो सगळा भाग निजामाच्या राज्यात होता त्यामुळे आमच्याकडे हकीम हा प्रकार नवीन नाही, जुनी माणसं तर हैदराबादला चारमिनारजवळच्या सरकारी निजामिया दवाखान्यात औषधाला जायची. आमच्या गल्लीच्या टोकाला एक हकीमचाचा बसायचे आणि हा लेप मी त्यांच्याकडून शिकले, नुसता कागदावर लिहून घेऊन नाही तर त्यांच्या पडवीत बसून ढवळून. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी गाठ ओळखा

लेपाचं सामान आणायच्या आधी हे काम. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मधल्या तीन बोटांच्या टोकांनी हलकेच, गोल फिरवत चाचपायचं, दाबायचं नाही. साध्या इन्फेक्शनची गाठ सहसा दुखते, मऊ रबरासारखी लागते, बोटाखाली इकडून तिकडे सरकते आणि जवळपास कुठेतरी कारण सापडतं, म्हणजे घसा, दात, कान, डोक्यातली उवांची खाज, पायाची भेग, शेव्हिंगचा कट. मानेत एक सेंटिमीटरपर्यंतची गाठ तर धडधाकट माणसालाही हाताला लागू शकते, जांघेत दीड सेंटिमीटरपर्यंत, त्यामुळे हरभऱ्याएवढं काही लागलं म्हणून लगेच घाबरून जाऊ नका. कागदावर तारीख टाकून मोजमाप लिहून ठेवा, हरभरा, बोर, सुपारी, लिंबू असं लिहिलं तरी चालतं. हा कागद शेवटी लागणार आहे.

आता जिथे लेप लावायचाच नाही त्या गाठी. गळ्यात पुढच्या बाजूला मधोमध असलेली आणि घोट गिळला की वर खाली होणारी सूज थायरॉइडची असते, तिथे या लेपाचं काही काम नाही. कानाच्या पाळीखाली गाल फुगून पाळी वर उचललेली दिसत असेल तर ते बहुतेक गालगुंड, पोराला घरी ठेवा आणि डॉक्टरला दाखवा, वयात आलेल्या मुलग्याच्या बाबतीत अंडकोशाकडे दुखायला लागलं तर त्याच दिवशी. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लागलेली गाठ केवढीही छोटी असो, दुखो न दुखो, थेट डॉक्टर. आणि बायकांनो, काखेत गाठ लागली तर त्याच बाजूच्या स्तनाचीही तपासणी करून घ्या, लाजू नका, काखेतल्या गाठी हाताचंही पाणी ओढतात आणि स्तनाचंही.

दगडासारखी कडक, जागेवरून न हलणारी, न दुखता वाढत जाणारी, दोन सेंटिमीटरच्या वरची, दोन आठवडे उलटूनही कमी न झालेली, किंवा सोबत संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर लेपाच्या नादी लागू नका. तोंड उघडत नसेल, थुंकी गिळता येत नसेल, आवाज घोगरा होऊन श्वासाला त्रास होत असेल तर रात्री दोन वाजता पण दवाखाना गाठा.

सुजेच्या चार पायऱ्या

हा भाग मला सगळ्यात आवडतो. युनानीत सूज ही एकच गोष्ट मानत नाहीत, तिच्या चार अवस्था धरतात. सुरुवात म्हणजे इब्तिदा, वाढ म्हणजे तजायुद, शिखर म्हणजे इंतिहा आणि उतार म्हणजे इनहितात. साध्या सुजेत सुरुवातीला रादे औषधं, म्हणजे सूज मागे हटवणारी थंड, चंदन गुलाबपाणी कोथिंबीर सिरका असली. वाढत असेल तर थंड आणि विरघळवणारी मिसळून. शिखरावर आणि उतारावर फक्त विरघळवणारी, त्यांना मुहल्लिल म्हणतात, बाबूना मेथी जवस वगैरे. पू धरायला लागला तर पिकवणारी, मुंजिज.

पण कानामागे, काखेत आणि जांघेत हा नियम उलटा होतो. अकराव्या शतकातल्या इब्न सीनापासून सगळे हकीम सांगत आले की या तीन जागा म्हणजे शरीराच्या मोऱ्या, मेंदू आपली घाण कानामागे टाकतो, हृदय काखेत आणि यकृत जांघेत, म्हणून तिथल्या सुजेवर थंड, मागे ढकलणारं औषध लावलं की घाण परत मुख्य अवयवाकडे जाते. तिथे पहिल्या दिवसापासून उबदार आणि मऊ करणारंच लावायचं. आज आपल्याला माहीत आहे की काखेतल्या गाठी हृदयाचं काही ओढत नाहीत, हात आणि छातीच्या भिंतीचं ओढतात आणि जांघेतल्या गाठी पायाचं, पण मला आश्चर्य याचं वाटतं की हजार वर्षांपूर्वी कुठलंही यंत्र नसताना या माणसांनी एवढं बरोबर ओळखलं की या जागा कुठून तरी काहीतरी ओढून घेतात. म्हणून गाठींवर बर्फ किंवा चंदन नाही, कोमट लेप.

सामान

एका माणसाला तीन दिवस पुरेल एवढं सांगते. जवस म्हणजे अळशी ४० ग्रॅम, मेथीदाणे ४० ग्रॅम, जवाचं पीठ ४० ग्रॅम, बाबूनाची सुकी फुलं २० ग्रॅम, खतमीचं बी १५ ग्रॅम, आणि कामोणीचा पाला, ताजा मिळाला तर रोज एक मूठ, नाहीतर सुका १५ ग्रॅम. तिळाचं तेल घरात असतंच. मिळालं तर नाखूना, ज्याला हकीम इकलीलुल मलिक म्हणतात, ती बाकदार छोटी शेंग १५ ग्रॅम, नाही मिळाली तर अडून बसू नका.

जवस, मेथी, जव किराणा दुकानात मिळतात. बाकीचं काष्ठौषधीच्या दुकानात किंवा अत्ताराकडे, तिथे युनानी नावानेच मागा, बाबूना, तुख्मे खतमी, मकोय (म्हणजे आपली कामोणी) असं. बाबूना म्हणजे कॅमोमाईल, अगदीच नाही मिळालं तर सुपरमार्केटमधला साधा कॅमोमाईल टी, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही तो, पुड्या फोडून वापरता येतो. फुलं हातात चुरगळल्यावर सफरचंदासारखा गोडसर वास आला पाहिजे, वास नसेल तर माल जुना.

कामोणी आपल्या शेताच्या बांधावर आपोआप उगवते, पांढरी चिमुकली फुलं आणि पिकल्यावर काळी होणारी मिरीएवढी फळं. विदर्भ मराठवाड्यात पोरं पिकलेली फळं खातात, पण हिरवी फळं विषारी असतात हे पक्कं लक्षात ठेवा आणि लेपासाठी फक्त पाला घ्या. झाड ओळखता येत नसेल तर तोडू नका, दुकानातली वाळलेली वापरा.

लेप करायची कृती

जवस, मेथी आणि खतमी वेगवेगळे जाडसर दळा. मिक्सरला पल्स देऊन, रव्यासारखे. एकदम बारीक पीठ केलं की शिजताना गुठळ्या होतात आणि जवस तर तेल सुटून भांड्याला चिकटतो. एका वेळेला जवस, मेथी आणि जवाचं पीठ प्रत्येकी एक मोठा चमचा, बाबूना दीड चमचा हाताने कुस्करून आणि खतमी अर्धा चमचा. एवढ्यात एक लेप होतो.

आता पाणी. पाऊण कप पाण्यात बाबूना आणि कामोणी, आणि नाखूना असेल तर तोही, टाकून मंद गॅसवर पाच सात मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. फुलं तशीच लेपात टाकली तरी चालतं असं बरेच जण म्हणतात, पण देठं टोचतात आणि सुजलेल्या कातडीला ते नको वाटतं. ताजा पाला असेल तर तो उकळू नका, वाटून रस काढा आणि लेप गॅसवरून उतरवल्यावर मिसळा.

गाळलेलं पाणी परत भांड्यात घेऊन त्यात आधी खतमी आणि मेथी टाका, दहा मिनिटं तसंच भिजू द्या, त्याचा लाळेसारखा बुळबुळीत चिकटा सुटतो आणि लेपाची ऊब धरून ठेवायचं काम तोच करतो. हकीमचाचा याला लुआब म्हणायचे. मग जवस आणि जवाचं पीठ टाकून मंद गॅसवर सारखं ढवळत राहा. चार पाच मिनिटांत पिठल्यासारखं घट्ट होतं. पळीवरून पडताना थबकलं पाहिजे, वाहता कामा नये, फार घट्ट झालं तर चमचाभर गरम पाणी. गॅस बंद करून एक चमचा तिळाचं तेल घाला, याने लेप कातडीला चिकटून बसत नाही आणि सुकल्यावर ओढला जात नाही.

लावायच्या आधी गरमपणा बघणं फार महत्त्वाचं. लेप वरून गार लागतो आणि आत पोळत असतो, पुरणासारखाच. नीट ढवळून थोडा मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि दहापर्यंत मोजा, सुखद ऊब वाटली तर ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर थांबा. डायबेटिस असणाऱ्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना चटका कळत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी बघायचं.

जुन्या धुतलेल्या मलमलच्या किंवा धोतराच्या कापडावर अर्ध्या बोटाच्या जाडीचा थर पसरा, वरून त्याच कापडाची घडी घाला आणि गाठीवर ठेवा. थेट कातडीवर थापलं तरी चालतं पण मग केस असलेल्या जागेवर काढताना त्रास होतो. मानेला गोल फिरवून घट्ट बांधायचं अजिबात नाही, हाताने धरा किंवा झोपून वर हलका टॉवेल टाका. वीस ते तीस मिनिटं, गार झाला की काढून टाका. कोमट पाण्याने पुसून कोरडं करा आणि अर्धा तास वाऱ्यात जाऊ नका, हा नियम चाचांचा आणि मी पाळते. दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि झोपताना.

आणि गाठ चोळू नका. लेपाच्या आधी नाही, नंतर नाही. मालिश करून गाठ जिरवतो म्हणणारे खूप भेटतात, सुजलेली गाठ रगडून फक्त जास्त दुखते.

लेप रोज ताजा. शिजवलेलं जवस आणि मेथी उन्हाळ्यात सहा तासांत आंबतं, फ्रीजमध्ये फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवा आणि वास बदलला की फेकून द्या. वापरलेला लेप परत गरम करून लावायचा नाही. कोरडी दळलेली पूड मात्र बरणीत आठवडाभर छान राहते.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आत रुपयाएवढा ठिपका लावून अर्धा तास बघा. शेवंतीच्या जातीच्या फुलांची ॲलर्जी असेल तर बाबूना वगळा, शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मेथी जपून. फुटलेल्या, ओल्या, पू वाहणाऱ्या कातडीवर नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला नाही.

घशाच्या गाठींना आतूनही

गाठ जबड्याखाली असेल आणि मूळ घशात असेल तर बाहेरून लेप हे अर्धंच काम, घशाला गुळण्या हव्यात. युनानीत टॉन्सिल सुजले की बहाव्याच्या गराच्या गुळण्या ठरलेल्या. बहावा आपल्या ओळखीचा, एप्रिल मे मध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो तोच, त्याच्या लांब काळ्या शेंगा वर्षभर लोंबत असतात. शेंग हलवून बघायची, खुळखुळा वाजला तर आतला गर सुकला, जड आणि मुकी शेंग घ्यायची. फोडली की आत नाण्यांच्या चळतीसारख्या चकत्या दिसतात आणि त्यावर काळा चिकट गर, म्हणूनच हकीम या गराला फुलूस म्हणतात, फुलूस म्हणजे पैसे.

दीड चमचा गर एक कप गरम पाण्यात कुस्करून वीस मिनिटं ठेवा, गाळा आणि कोमट असताना गुळण्या करा, दिवसातून तीनदा. हा गर उकळायचा नाही, उकळला की गुण जातो असं सगळे हकीम सांगतात, काढ्यात घालायचा असला तरी काढा उतरवल्यावर घालतात. गिळू नका, बहावा चांगला जुलाब आहे. लहान मुलाला गुळणी थुंकता येत नसेल तर त्याला हे देऊच नका, नुसतं कोमट पाणी प्यायला द्या.

सोबत प्यायला तो जुना काढा, बेहीदाणा (बेही फळाच्या बिया) ३ ग्रॅम, उन्नाब (वाळलेलं बोरासारखं फळ) ५ दाणे, सपिस्तान ९ दाणे. सपिस्तान म्हणजे आपलं भोकर हो, ज्याचं लोणचं घालतो ते, वाळलेलं. दीड कप पाण्यात उकळून एक कप करा, कोमट प्या, बुळबुळीत लागतो पण घशाला लेप दिल्यासारखं वाटतं. काही जण त्यात ज्येष्ठमध घालतात, बीपीच्या लोकांनी तो घालू नये, ज्येष्ठमध रोज घेतला तर बीपी चढतं. काळ्या तुतीचं शरबत, शरबत तूत सियाह नावाने बाटलीत मिळतं, तेही घशासाठीच, पण ते साखरेचं असतं हे डायबेटिसवाल्यांनी ध्यानात घ्या.

डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं असेल तर त्याचा कोर्स पूर्ण करायचा, पॅरासिटॅमॉल चालू असेल तर असू द्या, लेप त्याच्या आड येत नाही. आणि मूळ कारण सोडून नुसत्या गाठीवर लेप लावत बसलं तर काही उपयोग नाही. जांघेत अवधाण असेल तर पायाची जखम धुवा, टाचेची भेग भरा. दाढ किडली असेल तर दाताचा डॉक्टर. उवा असतील तर आधी त्या काढा, मग मानेमागच्या गाठी आपोआप बसतात.

तयार मलम, बिबवा आणि इतर

दुकानात गाठींसाठी मरहम दाखिलियून नावाचं मलम मिळतं. फार जुनं आहे, नावसुद्धा ग्रीक डायाकायलॉनचं अरबी रूप, म्हणजे रसांपासून केलेलं, आणि खरंच त्यात हेच मेथी जवस खतमीचे लुआब असतात. पण पारंपरिक पाठात मुर्दारसंग पण असतो आणि मुर्दारसंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड. इंग्लंडमध्ये १९०० च्या आसपास याच डायाकायलॉनच्या गोळ्या करून गर्भ पाडण्यासाठी खाल्ल्याने कितीतरी बायकांना शिशाची विषबाधा झाली होती. लहान मुलांना, गरोदर बाईला, फुटलेल्या कातडीला हे मलम नको, मी तर घरात ठेवतच नाही. आपला शिजवलेला लेप कटकटीचा आहे पण त्यात शिसं नाही.

जुनाट गाठींना हकीम इतरीफल गुददी देतात. इतरीफल हे नाव आपल्या त्रिफळ्यावरूनच गेलंय, हिरडा बेहडा आवळा तेलात चोळून मधात कालवतात. ते पोटात घ्यायचं औषध आहे, बीयूएमएस म्हणजे युनानीची पदवी घेतलेल्या डॉक्टरने नाडी आणि पोट बघून द्यायचं, स्वतःच्या मनाने आणू नका.

आणि कृपा करून बिबवा लावू नका. गाठीवर बिबव्याचा डाग, चुना गुळाचा लेप, तापलेल्या सळईचा चटका हे सगळं मी पाहिलंय आणि त्याने गाठ तर बसत नाही, वरून भाजल्याची जखम होते आणि त्या जखमेने गाठ अजून फुगते.

पू झाला तर

गाठ लाल, तापलेली, मधोमध लिबलिबीत झाली तर आत पू आहे. जुने हकीम इथे मुंजिज लेपाने पिकवायचे, आणि मग जर्राह, म्हणजे चिरफाड करणारा, नश्तर लावून चिरा द्यायचा. म्हणजे त्यांच्याकडेही शेवट चिऱ्यातच व्हायचा. आज सर्जन स्वच्छ खोलीत हेच करतो. दाबून पू काढायचा प्रयत्न करू नका.

जी चूक आम्ही केली

माझ्या चुलत बहिणीला कॉलेजात असताना मानेच्या उजव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती. मला लेप येतच होता, मी मोठ्या हौसेने सुरू केला, सकाळ संध्याकाळ, सात आठवडे. एकाच्या तीन झाल्या, ओळीत, माळेसारख्या, आणि तरी आम्ही गुण येतोय येतोय म्हणत राहिलो कारण लेप लावला की तिला बरं वाटायचं. शेवटी काकू तिला हकीमचाचांकडे घेऊन गेली. त्यांनी बोटं फिरवली, "दुखता नहीं ना बेटा?" एवढंच विचारलं, आणि काकूला म्हणाले, ये खनाझीर है, झिमाद का काम नहीं, आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा. खनाझीर म्हणजे आपली गंडमाळ, आणि गंडमाळ बहुतेक वेळा टीबीच असते. सुई घालून तपासणी झाली, टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या चालल्या, मधे एकदा औषध चालू असताना गाठ उलट वाढली तेव्हा सगळं घर घाबरलं, पण तसं काही पेशंटना होतं असं डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या बंद केल्या नाहीत. आज ती ठणठणीत आहे. पण ते सात आठवडे माझ्या हातून गेले, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

गाठींच्या टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साधा प्रकार असेल तर सहा महिन्यांचा कोर्स, आणि निक्षय पोषण योजनेत खाण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. न दुखणारी गाठ दिसली की लेपाचं भांडं चढवायच्या आधी तिथे जा.

आणि साध्या गाठीलाही लेप पाचच दिवस. पाचव्या दिवशी सकाळी लेप न लावता त्याच तीन बोटांनी चाचपा आणि पहिल्या दिवशीचा कागद काढून ताडून बघा. बोराची हरभरा झाली असेल, दुखणं गेलं असेल तर लेप बंद करा, उरलेली दोन तीन आठवड्यांत आपोआप बसते, तेवढं लक्ष ठेवा. बोराची बोरच असेल किंवा सुपारी झाली असेल तरी लेप बंद, आणि तो कागद घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे.